शब्दाचा पक्का : कासीम रझवी आणि आपले कौतुक

गेल्या वर्षी १७ सप्टेंबरला चाकुरात एका छोट्या कार्यक्रमात मला बोलायला बोलावले होते. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला दरवर्षी कुठे ना कुठे बोलावणे येते. मी प्राध्यापक नाही. बारावीनंतर लातूरच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम म्हणून लागलो आणि तिथेच तीस वर्षे काढली. वाचन झाले ते दुकान बंद झाल्यावर आणि अमावस्येच्या सुट्टीत. त्यामुळे माझे भाषण म्हणजे तारखा, गावे आणि नावे. लोक ऐकून घेतात, नंतर चहा होतो, आणि आपण घरी येतो.

त्या दिवशी मात्र भाषण संपल्यावर मागच्या रांगेतला कॉलेजचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, ‘‘सर, कासीम रझवी वाईट होता हे मान्य. पण माणूस शब्दाचा पक्का होता की नाही? शेवटपर्यंत बदलला नाही. आताच्या पुढाऱ्यांसारखं सकाळी एका पक्षात अन् दुपारी दुसऱ्या, असं तर नाही केलं त्यानं.’’ सभागृहात हशा पिकला. टाळ्याही पडल्या. त्या रझवीला नव्हत्या, आताच्या पुढाऱ्यांना उद्देशून होत्या, हे मला कळत होते. तरी मी गडबडलो. ‘‘वाईटात पक्के असणे काय कामाचे?’’ असे काहीतरी बोललो आणि खाली बसलो. मुलगाही बसला. त्याचे समाधान झाले नव्हते. खरे तर माझेही झाले नव्हते.

कारण मुलाचा प्रश्न खोटा नव्हता. २०१९ ची पहाटेची शपथ, २०२२ आणि २०२३ मधल्या पक्षफुटी हे सगळे या मुलांनी मतदानाचे वय होता होता पाहिले आहे. निष्ठा नावाची वस्तू बाजारातून नाहीशी झाली की ती जिथे कुठे सापडेल तिथे माणूस थांबतो, मग ती कोणाच्या दुकानात आहे हे बघत नाही. मोबाइलवर रझवीच्या भाषणांच्या कथा फिरतात. एका बाजूला त्या द्वेषाने फिरतात, दुसऱ्या बाजूला अभिमानाने. दोन्हीकडे मधला धागा एकच : ‘माणूस हटला नाही.’

म्हणून या प्रश्नाला नीट उत्तर द्यायचे ठरवले. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे.

आधी रझवीच्या बाजूने जे बोलता येते ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. आपल्या मुक्तिसंग्रामाच्या लेखनात ते फारसे मांडले जात नाही. भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून जानेवारी १९४८ पासून हैदराबादेत राहिलेले कन्हैयालाल मुन्शी असोत की संस्थानी खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन, दोघांच्या पुस्तकांत रझवी येतो तो माथेफिरू म्हणून. आपल्या मराठी पुस्तकांत तर तो नाटकातल्या खलनायकासारखा येतो, दाढी, टोपी आणि गर्जना यांच्यासह. दुसऱ्या टोकाला निजामाचे शेवटचे पंतप्रधान मीर लायक अली यांचे पुस्तक आहे. त्यात सारा भर भारताने आर्थिक कोंडी कशी केली यावर आहे. आपल्याच बाजूच्या या फौजेने हैदराबादच्या प्रजेवर काय आणले, हा प्रश्न तिथे मागे पडतो. एकीकडे शिवी, दुसरीकडे बगल. नांदेडचे नरहर कुरुंदकर याला अपवाद होते. त्यांनी निजामाचे राजकारण बुद्धीने तपासले, शिवी देऊन ते थांबले नाहीत. तोच कित्ता रझवीबाबत गिरवायला हवा होता. आपण तो गिरवला नाही, आणि त्या रिकाम्या जागेत आता हे ‘शब्दाचा पक्का’ येऊन बसले आहे.

तर बाजूने काय बोलता येते? रझवी लातूरचा वकील. अलीगढला शिकलेला. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन ही संघटना १९२७ पासूनची. तिला वैचारिक धार दिली बहादूर यार जंग यांनी. हैदराबादचे राज्य हे निजाम नावाच्या एका माणसाचे नाही, तिथला प्रत्येक मुसलमान सत्तेचा वाटेकरी आहे आणि निजाम त्या सत्तेचे प्रतीक आहे, असे ते तत्त्व होते. १९४४ मध्ये बहादूर यार जंग अचानक वारले आणि १९४६ मध्ये मजलिसची सूत्रे रझवीकडे आली. हे तत्त्व त्याने निर्माण केले नाही. त्याने ते हातात घेतले आणि शेवटच्या टोकापर्यंत नेले. निजामापुढेही तो वाकला नाही, उलट निजामालाच त्याने वाकवले. सप्टेंबर १९४८ मध्ये पाच दिवसांत हैदराबाद पडले तेव्हा तो पळाला नाही, शहरातच पकडला गेला. लायक अली मात्र १९५० मध्ये नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात गेले. रझवीने खटले लढवले. बीबीनगर दरोड्याच्या खटल्यात त्याला शिक्षा झाली. अपील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५३ मध्ये बहुमताने फेटाळले गेले. पत्रकार शोएबुल्ला खान यांच्या खुनाच्या खटल्यात तो अखेर सुटला, हेही नोंदले पाहिजे. नऊ वर्षे त्याने तुरुंगात काढली.

हे सारे एकत्र ठेवले तर मुलगा चुकीचे बोलत नव्हता. कबूल करतो, हे लिहिताना माझ्याही मनात कुठेतरी थोडा आदर डोकावला. मोंढ्यात तीस वर्षे बसलेल्या माणसाला शब्द पाळणाऱ्याचे मोल कळते. तोंडी सौद्यावर लाखाचा माल उचलला जातो, आणि भाव पडला तरी शब्द पाळणारा खरेदीदार दहात एखादाच असतो.

पण मोंढ्यानेच मला आणखी एक सवय लावली आहे. खतावणीत एका बाजूला ‘जमा’ पडली की दुसऱ्या कोणाच्या तरी ‘नावे’ पडावीच लागते. नुसती जमा दाखवणारा मुनीम एक तर अडाणी असतो किंवा चोर. तेव्हा रझवीच्या निष्ठेची जमा त्याच्या खात्यावर मांडल्यावर मी नावेची बाजू शोधायला लागलो.

पहिली नोंद १९४७ च्या ऑक्टोबरातली. छत्तारीचे नवाब तेव्हा हैदराबादचे पंतप्रधान होते. त्यांचे शिष्टमंडळ दिल्लीशी बोलून ‘जैसे थे’ कराराचा मसुदा घेऊन आले. निजामाने मान डोलावली होती. २७ ऑक्टोबरला शिष्टमंडळ पुन्हा दिल्लीला निघणार तोच रझवीच्या माणसांनी सदस्यांची घरे वेढली. छत्तारी, सर वॉल्टर मॉंकटन आणि सर सुलतान अहमद यांना घराबाहेर पडता येईना. निजाम डगमगला. छत्तारींनी राजीनामा दिला, नवे शिष्टमंडळ गेले, लायक अली पंतप्रधान झाले. आणि २९ नोव्हेंबरला करार झाला तो जवळजवळ त्याच मसुद्याचा. म्हणजे त्या अख्ख्या हट्टाने हैदराबादच्या पदरात काय पडले? कराराच्या मजकुरात जवळजवळ काही नाही. एक गोष्ट मात्र बदलली. तडजोडीची भाषा बोलणारी माणसे सत्तेतून गेली आणि रझवीला ‘नाही’ म्हणू शकणारे दरबारात कोणी उरले नाही. तत्त्व जिंकले म्हणायचे ते असे.

दुसरी नोंद जून १९४८ ची. लॉर्ड माउंटबॅटन भारत सोडण्यापूर्वी हैदराबादचा प्रश्न मिटवायला उतावीळ झाले होते. त्यांनी सरदार पटेलांना नको नको म्हणत असतानाही एका मसुद्यावर सही करायला लावली. हैदराबादला बरीच अंतर्गत स्वायत्तता, जबाबदार सरकार आणि सामिलीकरणावर सार्वमत, अशा वाटा त्यात होत्या. निजामाने तो नाकारला. नकारामागे रझवीच्या चळवळीचा धाक किती आणि निजामाचा स्वतःचा हेका किती, याची वाटणी करत बसण्यात अर्थ नाही, दोन्ही होते. माउंटबॅटन २१ जूनला गेले. तीन महिन्यांनी भारतीय फौजा आत आल्या. सार्वमताची वाट खुली असती तर काय झाले असते हे कोणी सांगू शकत नाही. पण संस्थानातल्या मुसलमानांना यापेक्षा सन्मानाची वाट पुन्हा मिळाली नाही, एवढे उघड आहे.

आता नावेची मोठी बाजू. ती मांडण्यापूर्वी रझाकारांनी जे केले ते आधी सांगितलेच पाहिजे, नाहीतर पुढचे वाचून कोणी म्हणेल की मी हिशेब उलटा मांडला. १९४७-४८ मध्ये आपल्या भागात गावे लुटली गेली, जाळली गेली, माणसे मारली गेली. तेव्हाच्या बिदर जिल्ह्यातले गोर्टा हे गाव मे १९४८ मधल्या हत्याकांडासाठी आजही ओळखले जाते. उदगीरजवळच्या हत्तीबेटावर लोकांनी हातात हत्यार घेतले ते हौसेने नव्हे. बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांचा खून ऑक्टोबर १९४६ मध्येच झाला होता. माझ्या आजीच्या तोंडी ‘रजाकारी’ हा शब्द दुष्काळासारखा यायचा. ‘रजाकारीत ते घर गेलं’, ‘रजाकारीत आम्ही सोलापूरकडं गेलतो’. या सगळ्याचा नैतिक भार मजलिसच्या अध्यक्षावर येतो, प्रत्येक गुन्ह्यात त्याचा हात सिद्ध झाला असो वा नसो. माणसांच्या हाती शस्त्र द्यायचे, त्यांच्यापुढे आग ओकायची आणि नंतर ‘मी सांगितले नव्हते’ म्हणायचे, ही सुद्धा एक जुनी राजकीय सोय आहे. लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकवण्याची गर्जना त्याच्या नावावर सगळीकडे सांगितली जाते. शब्दन् शब्द त्याचाच होता का, यावर वाद घालता येईल. त्याच्या माणसांनी त्या गर्जनेचा अर्थ काय घेतला यावर वाद नाही.

एवढे १७ सप्टेंबरच्या भाषणांत येते. त्याच्या पुढचे येत नाही. माझ्याही भाषणात आजवर आले नव्हते.

पोलीस ॲक्शननंतर पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक समिती हैदराबादेत आली. काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे त्यांच्याबरोबर होते. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ते जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरले. त्यांचा अहवाल कित्येक दशके कपाटात राहिला. सरदार पटेलांना त्यातले निष्कर्ष मान्य नव्हते. आता तो अभ्यासकांना वाचायला मिळतो. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर संस्थानात कमीत कमी २७ हजार ते ४० हजार माणसे मेली असावीत, असा समितीचा अंदाज आहे. सर्वांत जास्त हानी झालेले जिल्हे त्यात दिले आहेत : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. म्हणजे आजचा लातूर-नांदेड पट्टा, आपलाच. मेलेले बहुतेक मुसलमान होते. मारणाऱ्यांत गावचे आणि बाहेरचे लोक होते, आणि काही ठिकाणी फौजेतले नि पोलिसांतले लोकही लुटीत आणि हत्येत सामील होते, असे समितीने लिहिले आहे.

लातूरचा उल्लेख त्यात स्वतंत्र आहे, आणि तो रझवीचे गाव म्हणूनच आहे. मोठी व्यापारपेठ, कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांच्या श्रीमंत पेढ्या. तिथे वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालली. सुमारे दहा हजार मुसलमान वस्तीपैकी समितीला शहरात जेमतेम तीन हजार सापडले. हजारावर मारले गेले, बाकीचे जिवानिशी पळाले.

हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मोंढ्यातच होतो. दुपारचा सौदा उरकला होता. ज्या पेठेत मी तीस वर्षे वह्या लिहिल्या त्या पेठेत एकेकाळी कच्छी पेढ्या होत्या आणि मला त्याचा पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी मालकांना विचारले. ते म्हणाले, ‘‘हाव, होत्या म्हणं. आमच्या आज्ज्याच्या टायमाला.’’ आणि तुरीचा भाव विचारायला फोनकडे वळले. त्यांना दोष देत नाही. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते, जसे मला सांगितले नव्हते.

तर रझवीच्या पक्केपणाची नावेची बाजू इथे पडते. त्याच्या स्वतःच्या गावच्या दहा हजारांवर. त्यांच्या मारेकऱ्यांचा गुन्हा त्यांच्या मारेकऱ्यांचाच आहे, तो रझवीवर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही. रझाकारांनी छळले म्हणून लातूरच्या शिंप्याला किंवा अत्तरवाल्याला मारायचा हक्क कोणालाही मिळत नव्हता. पण पुढाऱ्याला आणखी एक हिशेब द्यावा लागतो. ज्यांच्या नावाने तो बोलतो त्यांना तो कुठे नेऊन उभे करतो? संस्थानात मुसलमान लोकसंख्या साधारण आठात एक. चारही बाजूंनी भारत. अशा ठिकाणी आपल्या लोकांना उरलेल्या सात जणांशी कायमचे वैर करायला लावायचे आणि वर त्याला तत्त्व म्हणायचे, हा वकिली शिकलेल्या माणसाचा अडाणीपणा नव्हता. त्याला आकडे कळत होते. त्याने ते मोजले नाहीत, कारण किंमत त्याला मोजायची नव्हती.

१९५७ मध्ये तो सुटला, पाकिस्तानला जाण्याच्या अटीवर. हैदराबादला येऊन त्याने मजलिसची सूत्रे अब्दुल वाहिद ओवेसी यांच्याकडे दिली आणि निघून गेला. १९७० मध्ये कराचीत वारला. हैदराबादच्या सार्वभौमत्वाचा मंत्र देणारा माणूस हैदराबाद सोडून गेला, याला मी ढोंग म्हणणार नाही. नऊ वर्षे तुरुंगात काढलेल्या माणसाला उरलेले आयुष्य बाहेर काढावेसे वाटले, यात नवल काय! मला खुपते ते एवढेच की जायची सोय त्याला होती. लातूरच्या ज्या तीन हजारांना समितीने मोजले, ते त्याच गल्ल्यांत, त्याच शेजाऱ्यांत राहिले आणि ‘रजाकार’ ही शिवी त्यांच्या नातवंडांनीही ऐकली. शब्द त्याने दिला होता, फेडत ते बसले.

इथवर लिहून लेख संपवला असता तर तो सोपा झाला असता. कारण रझवी आपला नाही. परक्याच्या पक्केपणाची चिरफाड करायला धैर्य लागत नाही. म्हणून दोन गोष्टी आपल्या अंगणातल्या.

एक म्हणजे ‘दुही माजवणारा’ हा आरोप. तो खरा निकष नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे. महाडच्या तळ्यावर १९२७ मध्ये बाबासाहेब गेले तेव्हा त्यांच्यावरही हाच आरोप झाला. गाव आधीच दुभंगलेले होते, त्यांनी फक्त भेगेवर बोट ठेवले. भेग दाखवणारा आणि भेग पाडणारा यांत फरक असतो, आणि तो बऱ्याचदा भेगेच्या कोणत्या बाजूला तुम्ही बसला आहात त्यावरून दिसतो किंवा दिसत नाही. हैदराबादच्या प्रश्नावरही बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये संस्थानातल्या दलितांना निजामाची बाजू घेऊ नका असे जाहीर सांगितले होते. बी. एस. व्यंकटराव यांच्यासारखे तिथले दलित पुढारी तेव्हा लायक अलींच्या मंत्रिमंडळापर्यंत गेले. बाबासाहेबांनी ज्यांच्यावर संकट येणार त्यांना ते आधी मोजून सांगितले. आणि स्वतःच्या तत्त्वाची वेळ आली तेव्हा, हिंदू कोड बिलावर, १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले आणि पुढच्या वर्षी मुंबईत निवडणूक हरले. जमा आणि नावे एकाच खात्यावर.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. गोविंदभाई श्रॉफ आणि ‘मराठवाडा’चे संपादक अनंतराव भालेराव हे माझे आदर्श. अनंतरावांच्या मुक्तिसंग्रामावरच्या पुस्तकानेच मला या वाटेला लावले. दोघांनी निजामी राजवटीशी झुंज घेतली, दोघांनी सत्तेच्या पायऱ्या झिजवल्या नाहीत. पक्के माणूस म्हणून मी बोट दाखवले असते तर या दोघांकडे. आणि हेच दोघे मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराला विरोध करणाऱ्यांत होते. विद्यापीठाचे नाव हे या विभागाच्या अस्मितेचे आहे, असे त्यामागचे म्हणणे होते. म्हणणे म्हणून ते मांडता येते. पण २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि त्यानंतर गावोगाव दलित वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना ठार मारले गेले. मी तेव्हा तिसरीत होतो. माझ्या बाकावर बसणारा मुलगा महिनाभर शाळेत आला नाही. आला तेव्हा दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. का, ते मी विचारले नाही. पन्नास वर्षे होत आली, अजून विचारलेले नाही. पंधरा वर्षांनी, नोव्हेंबर १९९३ मध्ये, नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला.

गोविंदभाई आणि अनंतराव यांची रझवीशी तुलना मी करत नाही. कोणी केली तर मी भांडेन. त्यांनी कोणाच्या हाती काठी दिली नाही. पण वस्त्या जळू लागल्यावर तरी आपल्या म्हणण्याची किंमत कोण मोजतो आहे हे पाहून ते मागे घ्यायला हवे होते की नव्हते? मला वाटते, हवे होते. तत्त्वाला चिकटून राहणे हा त्यांचा आयुष्यभराचा गुण होता. तो तुरुंगाच्या दारात जितका शोभला तितका इथे शोभला नाही. गुण तोच, माणसे तीच, खाते मात्र दुसऱ्याचे झाले.

आणि मुक्तिसंग्रामातसुद्धा हिशेब अगदी स्वच्छ नाही. स्वामी रामानंद तीर्थ स्वतः तुरुंगात गेले, १५ ऑगस्ट १९४७ ला देशभर झेंडे लागत असताना तेही आत होते. पण सरहद्दीवरच्या कॅम्पांतून आमची माणसे आत येऊन ठाणी मारीत आणि परत जात, तेव्हा मागे राहिलेल्या गावावर रझाकार तुटून पडत. त्या गावाला आधी विचारले होते का? बहुतेक वेळा नाही. म्हणून ‘किंमत कोणी मोजली’ एवढ्या एका कसोटीवर मी सगळ्यांना पास किंवा नापास करत नाही. लढ्यात दुसऱ्यांना झळ बसतेच. माझ्या मते दोन गोष्टी आणखी पाहाव्या लागतात. ज्यांना झळ बसणार त्यांना बोलायची मुभा होती का? आणि आपल्या तत्त्वाला चिकटलेल्या माणसाला दुसऱ्याचे तत्त्वाला चिकटणे सोसवत होते का?

या दुसऱ्या मुद्द्यापाशी रझवीचे राजकारण साफ उघडे पडते. शोएबुल्ला खान हा हैदराबादचा तरुण मुसलमान पत्रकार. त्याचे ‘इमरोज’ हे उर्दू दैनिक. हैदराबादने भारतात सामील व्हावे असे तो उर्दूत, आपल्याच लोकांच्या भाषेत लिहीत होता. काही मुस्लिम नागरिकांनी त्याच अर्थाचे निवेदन काढले, ते त्याने छापले. धमक्या आल्या तरी थांबला नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री कचेरीतून घरी जाताना त्याला गोळ्या घातल्या आणि त्याचा लिहिता हात तोडला. कायद्याने या खुनाची जबाबदारी रझवीवर टिकली नाही, ते वर लिहिले आहे. पण मजलिसने जे वातावरण तयार केले होते त्यात शोएबुल्लासारख्याला जागा नव्हती, हे कळायला न्यायालयाची गरज नाही. त्या मुलाला शब्दाचा पक्का मुसलमान पुढारी हवा होता ना? तो होता. फक्त त्याचा फोटो कोणी मोबाइलवर फिरवत नाही.

आमच्या चाकूरच्या नावाचे प्रसिद्ध राजकारणी शिवराज पाटील. त्यांच्यावर आयुष्यभर टीका झाली ती फार मवाळ असल्याची. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर त्यांनी गृहमंत्रिपद सोडले तेव्हा लोक हळहळले नाहीत, त्यांच्या कपड्यांवर विनोद करत राहिले. कर्तृत्वाचा हिशेब वेगळा करू. पण जो कोणाला भडकवत नाही तो आपल्याला पुढारी वाटत नाही, हेही त्या मुलाच्या प्रश्नात कुठेतरी दडलेले होते.

सुंदरलाल समितीच्या अहवालात एक परिच्छेद असा आहे की तो वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ बसून राहिलो. मुसलमान शेजाऱ्यांना हिंदूंनी जिवावर उदार होऊन वाचवल्याच्या घटना समितीने नोंदल्या आहेत. एका धंद्यातल्या लोकांत हे जास्त घडले, असे ती म्हणते. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवले आणि त्यापायी स्वतः जीव गमावले. जमाव दारात उभा असताना ‘आत कोणी नाही’ म्हणणाऱ्या त्या माणसाने कुठे भाषण केले नव्हते. त्याच्या निष्ठेला नावही नव्हते.

हा लेख लिहून झाल्यावर तो मुलगा मला बसस्टँडवर भेटला. मी त्याला थांबवून हे सगळे सांगितले. लातूरचे आकडे ऐकून तो गप्प झाला. रझवीबद्दल त्याचे मत बदलले की नाही ते त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही. विणकरांचे सांगितल्यावर मात्र त्याने लगेच विचारले, ‘‘त्यांची नावं काय होती सर?’’

अहवालात नावे नाहीत. मी तसे सांगितले. तो म्हणाला, ‘‘मग शोधायला पायजेत की. आमच्या गल्लीत एक चाचा हायेत, नव्वदीचे. त्यांचं घर विणकराचंच.’’

पुढच्या रविवारी आम्ही दोघे गेलो. चाचांना ऐकू कमी येते. मोठ्याने विचारावे लागले, आणि मोठ्याने विचारण्यासारखा तो प्रश्न नव्हता. सुनेने दार लोटून घेतले. चाचांनी दोन नावे सांगितली, एक पूर्ण आणि एक नुसतेच घरगुती. गाव सांगितले. मुलाने ती वहीत उतरवून घेतली. त्या गावी अजून जायचे आहे. सोयाबीनची सुगी उरकली की जाऊ, असे ठरले आहे.